चार महिन्यांपूर्वी सुपरवायझर झालो, पण शिफ्ट अजून हातात येत नाही

पत्र: वय २९, मेकॅनिकल डिप्लोमा. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून पार्ट बनवतो तिथे) सहा वर्षं आहे. आधी ऑपरेटर, मग सेटर, म्हणजे प्रेसवर डाय (पार्टचा साचा) बसवणारा. चार महिन्यांपूर्वी शिफ्ट सुपरवायझर केलं. हाताखाली १८ माणसं, त्यातली ११ काँट्रॅक्टची. डाय बदलायची असली की बोल्ट मी आवळतो, ब्रेकडाऊन झाला की मेन्टेनन्सच्या मागे मी पळतो, रिजेक्शन आलं की गेज (माप तपासायचं साधन) घेऊन मीच उभा. साडेतीनला शिफ्ट सुटते, मी साडेपाचला निघतो. सुट्टीच्या दिवशीही फोन येतात. ज्या काकांनी मला सेटिंग शिकवलं ते आता नीट बोलत नाहीत. जुने मित्र 'साहेब झालास' म्हणून टोमणे मारतात. मॅनेजर सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणतात, 'तुझी माणसांवर पकड नाही, कडक हो.' खरंच कडक होऊ, की मला परत सेटर करा म्हणून सांगू?
— एक शिफ्ट सुपरवायझर, चाकण

उत्तर:

पत्रात तुम्ही कामांची यादी दिली आहे, ती एकदा शांतपणे वाचा. बोल्ट आवळणं, गेज लावणं, मेन्टेनन्सला शोधून आणणं. ही चांगल्या सेटरची कामं आहेत आणि ती तुम्ही अजूनही उत्तम करत असणार. पण कोणाला कुठे उभं केलं, कोणाला काय शिकवलं, मागच्या शिफ्टकडून काय समजून घेतलं, यातलं एकही वाक्य पत्रात नाही. म्हणजे तुमच्या शिफ्टमध्ये एक सेटर जास्त आहे आणि सुपरवायझरची जागा रिकामी आहे. कडक होऊन ती भरत नाही. आणि परत सेटर व्हायची घाई आत्ता करू नका, कारण सुपरवायझरचं काम तुम्ही अजून करून पाहिलेलंच नाही. तसं व्हावं हे साहजिक आहे. बहुतेक कारखान्यांत चांगल्या सेटरला एका सोमवारी सुपरवायझर करतात आणि नवं काम नेमकं काय, हे कोणी सांगत नाही.

सुरुवात वेळेपासून करा. सात ते साडेतीन म्हणजे ५१० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहांची २० वजा केली की ४६० उरतात. तीन दिवस खिशात छोटी डायरी ठेवा आणि दर अर्ध्या तासाला एक ओळ लिहा: काय केलं, कोणी बोलावलं म्हणून केलं. घरी जाण्याआधी प्रत्येक ओळीपुढे १, २ किंवा ३ लिहा. १ म्हणजे हे दुसऱ्याला आजही जमतं. २ म्हणजे शिकवलं तर जमेल. ३ म्हणजे हे फक्त मीच करायचं. तीनच्या ओळी तुमच्या अंदाजापेक्षा कमी निघतील: माणसं मशीनवर वाटणं, प्लॅन बदलला तर आधी काय चालवायचं ते ठरवणं, हँडओव्हर (पुढच्या शिफ्टला काम सोपवणं), शिस्तीचा प्रश्न, वरिष्ठांशी बोलणं. एकच्या ओळी उद्यापासून सोडायच्या. खरी मेहनत दोनच्या ओळींवर आहे.

पण त्याआधी हँडओव्हर, कारण संध्याकाळचे तुमचे दोन तास बहुधा तिथेच जातात. बऱ्याच ठिकाणी हँडओव्हर गेटजवळ, तोंडी, कंपनीची बस सुटायच्या घाईत होतो. जाणारा म्हणतो 'सगळं ओके आहे', येणारा मान हलवतो आणि अर्ध्या तासाने फोन सुरू होतात. हँडओव्हर लाईनवर, मशीनसमोर उभं राहून करा. साडेतीनला शिफ्ट सुटत असेल तर सव्वातीनला सुरू करा. येणाऱ्या सुपरवायझरशी ठरवून घ्या, की तो दहा मिनिटं लवकर येईल आणि पहिल्या शिफ्टला तुम्हीही तसेच लवकर याल. रजिस्टरमध्ये प्रत्येक मशीनपुढे पाचच गोष्टी: मशीन चालू की बंद आणि का, कोणती डाय लागली आहे आणि ती मेन्टेनन्सला जायला किती स्ट्रोक (प्रेसचे ठोके) बाकी आहेत, कॉइलचा (गुंडाळलेल्या पत्र्याचा) लॉट कोणता आणि किती शिल्लक, क्वालिटीची तक्रार असली तर कोणत्या मापावर, आणि सुरक्षेचं काही अडकलं आहे का. खाली दोघांच्या सह्या. शेवटचा पीस टॅग लावून मशीनवरच ठेवायचा. पुढच्या शिफ्टचा पहिला पीस त्याच्याशेजारी धरला की पंच (डायचा पत्रा कापणारा भाग) झिजलाय का, ओरखडा नवा आहे की जुना, हे समोर दिसतं आणि 'आमच्या वेळी नव्हतं' हा वाद होत नाही.

सात वाजता पाच मिनिटं सगळ्यांना उभं करून बोला. काल किती झाले, आज काय चालवायचं, कोण कुठे, आणि सुरक्षेची एकच गोष्ट. १८ माणसांची पाच मिनिटं म्हणजे ९० मिनिटांचं काम थांबतं, म्हणून सहावं मिनिट नको. तिथे कोणालाही रागवायचं नाही. अकरा काँट्रॅक्टवाल्यांत बाहेरच्या राज्यांतली मुलं असतील तर हिंदीतही सांगा, आणि 'समझ गए?' विचारू नका. त्याला उत्तर नेहमी 'हां सर' असंच येतं. एकाला सांगा, 'आज तू काय करणार ते बोल.'

आता दोनच्या ओळी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांतली जुनी माणसं सैन्यात गेली आणि नवख्यांना पटकन तयार करायची वेळ आली. तेव्हा तिथल्या सरकारने १९४० ते १९४५ 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम चालवला. युद्धानंतर त्यातली शिकवायची पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटाने ती आपली केली. दर काही महिन्यांनी काँट्रॅक्टची माणसं बदलणाऱ्या तुमच्या शॉपला ती आजही तंतोतंत लागू पडते.

पद्धत अशी. ज्या कामासाठी तुम्हाला सारखं बोलावतात त्याचं एक पानी कार्ड करा, तीन रकान्यांचं: टप्पा, मेख, कारण. टप्पा म्हणजे काय करायचं. मेख म्हणजे ते बरोबर, सुरक्षित किंवा सोपं कशाने होतं. कारण म्हणजे मेख चुकली तर काय होतं. डाय सेटिंगचं उदाहरण घ्या. टप्पा: बोल्स्टर, म्हणजे डाय बसते तो प्रेसचा पाट, पुसणं. मेख: कापडाने पुसून वर हात फिरवायचा, स्लग (कापून पडलेला पत्र्याचा तुकडा) राहिलेला नको. कारण: एक स्लग खाली राहिला तरी डाय तिरकी बसते आणि पार्टच्या एकाच बाजूला बर (कडेची धारदार कातर) येते. पुढचा टप्पा: शट हाइट, म्हणजे रॅम (प्रेसचा वरून खाली येणारा भाग) पूर्ण खाली असताना डायला मिळणारी उंची, बघणं. मेख: डाय आत घेण्याआधी कार्डावरची उंची आणि प्रेसची सेटिंग जुळवायची, रॅम वर घेऊन ठेवायचा आणि पहिला स्ट्रोक इंचिंगवर, म्हणजे थोडा थोडा सरकवत. कारण: रॅम गरजेपेक्षा खाली सेट असेल तर प्रेस खालच्या टोकाला जाम होते किंवा डाय फुटते. पुढचा: क्लॅम्प आवळणं. मेख: बोल्ट डायजवळ घ्यायचा, क्लॅम्पच्या दुसऱ्या टोकाखालच्या पॅकिंगजवळ नाही. कारण: बोल्ट पॅकिंगकडे गेला की सगळा दाब पॅकिंगवर पडतो, डाय सैल राहते आणि काही शे स्ट्रोकनंतर सरकते. हे तुमच्या हाताला पाठ आहे. इतकं पाठ आहे, की शिकवताना तुम्ही टप्पे सांगता आणि मेख सांगायची राहून जाते. नवा मुलगा बोल्ट आवळतो, डाय सरकते, आणि तुम्हाला वाटतं याला काम येत नाही.

कार्ड झालं की शिकवणं चार पायऱ्यांत करा. आधी त्याला काय येतं ते विचारा आणि त्याला तुमच्या शेजारी उभं करा. समोर उभा राहिला तर त्याला सगळं उलटं दिसतं. मग तीनदा करून दाखवा: एकदा फक्त टप्पे सांगत, दुसऱ्यांदा मेख सांगत, तिसऱ्यांदा कारणं सांगत. मग त्याला करू द्या आणि तोच तोंडाने टप्पे, मेख, कारणं सांगत जाईल असं बघा. चुकला तर हात धरून लगेच थांबवा, चूक पूर्ण होऊ देऊ नका. शेवटी त्याला एकट्याला सोडा, अडलं तर कोणाला विचारायचं त्याचं नाव सांगून ठेवा, आणि पहिल्या दिवशी तासातासाला, मग दिवसातून एकदा बघून या. एका वेळी पाच-सात टप्प्यांपेक्षा जास्त शिकवू नका. डाय सेटिंग मोठं काम आहे, त्याचे तीन तुकडे करून तीन वेगळ्या दिवशी शिकवा.

शिकवायला वेळ कुठून आणायचा? डाय बदलण्यातून. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने १९६९ च्या सुमारास टोयोटातल्या १,००० टनी प्रेसवर चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणलं. तुम्हाला तीन मिनिटं नकोत. त्याचा पहिला नियम तेवढा घ्या: प्रेस थांबल्याशिवाय होत नाही ते काम वेगळं, आणि प्रेस चालू असतानाच उरकता येतं ते वेगळं. पुढची एक डाय चेंज मोबाइलवर चित्रित करा (माणसांना सांगून, आणि कोणाला दाखवायचं तेही आधी सांगून) आणि बघत लिहा. फोर्कलिफ्टची वाट, स्पॅनर शोधणं, कॉइल स्टोअरमधून येणं, गेज क्वालिटीच्या कपाटात, वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट. यातलं जवळजवळ सगळं प्रेस चालू असताना होऊ शकतं. पुढच्या डायची ट्रॉली अर्धा तास आधी प्रेसजवळ हवी, त्यावर बोल्ट, पॅकिंग, स्पॅनर, गेज आणि सेटिंगचं कार्ड. ही ट्रॉली लावणारा एक माणूस रोज ठरलेला असावा, आणि तो तुम्ही नसावं.

आता काकांचं. ज्यांनी तुम्हाला शिकवलं त्यांच्याच हातातला स्पॅनर तुम्ही रोज काढून घेत आहात. तुमच्या मनात मदत असेल, पण शॉपमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्यातून 'काकांना आता जमत नाही' एवढंच दिसतं. आणि पद तुम्हाला मिळालं तेव्हा त्यांच्याशी कोणी बोललं होतं का? बहुधा नाही. हे बोलणं तुम्हीच करायचं आहे. कॅन्टीनमध्ये चारचौघांत नको. शिफ्टआधी, लाईनपासून बाजूला, दोघंच. आणि आधी ऐकून घ्यायला जा. 'काका, गेले चार महिने तुमच्या कामात मी सारखा हात घालतोय. तुम्हाला ते कसं वाटतं ते मला सांगा.' मग गप्प बसा. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत तरी मधेच समजूत घालायला जाऊ नका. त्यांचं झालं की मागणी ठेवा: 'सेटिंगची कार्डं तुमच्याकडून करून घ्यायची आहेत. दोन पोरं तुमच्या हाताखाली देतो, कोणती ते तुम्हीच निवडा. तुम्ही पास केल्याशिवाय कोणी एकट्याने डाय लावणार नाही.' आणि हे सात वाजताच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर जाहीर करा. त्यानंतर डाय अडकली आणि हात शिवशिवले तरी मागे उभे राहा. तुम्ही एकदा जरी स्पॅनर घेतलात तरी ते बोलणं वाया गेलं.

ब्रेकडाऊनला पळणं थांबवायचं तर मेन्टेनन्सच्या इंजिनिअरबरोबर एक साधा नियम लिहून घ्या. मशीन थांबली की ऑपरेटर स्वतः मेन्टेनन्सला फोन करेल. दहा मिनिटांत कोणी आलं नाही किंवा कारण सापडलं नाही तर सुपरवायझरला, वीस मिनिटांनी मेन्टेनन्स इंजिनिअरला, तीस मिनिटांनी दोन्ही मॅनेजरना. मिनिटं तुमच्या शॉपप्रमाणे बदला, पण आकडे लिहिलेले हवेत. नियम मेन्टेनन्सच्या संमतीने झाला तरच चालतो. त्यांच्यावर लादलात तर पहिल्याच आठवड्यात मोडतो.

सुट्टीच्या दिवशीचे फोनही याच कारणाने येतात. कोणता निर्णय कोणी घ्यायचा हे कोणालाच माहीत नाही, म्हणून सगळे निर्णय तुमच्याकडे येतात. एका कागदावर तीन गट करा. ऑपरेटरने न विचारता करायचं: धोका दिसला तर मशीन थांबवणं, संशयित माल लाल बिनमध्ये वेगळा ठेवणं. करून मग सांगायचं: त्याच पार्टचा नवा कॉइल लॉट लावणं, माणूस आला नाही म्हणून शेजारच्या मशीनवरचा घेणं. आधी विचारायचं: प्लॅन बदलणं, डाय टूलरूमला (डाय दुरुस्त करणाऱ्या विभागाला) पाठवणं, अडवलेला माल पुढे सोडणं. शेवटच्या गटात पाच-सहापेक्षा जास्त ओळी झाल्या तर पुन्हा बघा. मग एकाला बदली म्हणून नेमा आणि तुम्ही कारखान्यात असतानाच त्याला सराव द्या. आधी अर्धा तास शॉपबाहेर बसून कार्ड लिहा, पुढच्या आठवड्यात दोन तास. त्या वेळात त्याने घेतलेला निर्णय तुम्हाला पटला नाही तरी, माणसाला किंवा मालाला धोका नसेल तर, तो फिरवू नका. नंतर एकट्यात बोला.

मॅनेजर 'पकड नाही' म्हणतात, कारण त्यांना तुमच्याकडून कारणं ऐकू येतात, आकडे नाहीत. प्रत्येक प्रेसवर तासाचा बोर्ड लावा आणि तो ऑपरेटरनेच भरायचा: टार्गेट, झाले, फरक, कारण. १२ सेकंदांना एक पीस म्हणजे तासाला ३००. ४६० मिनिटांतून ठरलेल्या डाय चेंजची ४० वजा केली तर ४२० मिनिटांत २,१००. समजा झाले १,७४०. तर मीटिंगमध्ये असं बोला: 'सर, २,१०० च्या जागी १,७४०. कमी पडलेल्या ३६० पैकी २४० पंच तुटल्यामुळे, ४८ मिनिटं मशीन बंद होतं. १२० कॉइल २४ मिनिटं उशिरा आली म्हणून. पंच बदलला आहे, पण स्पेअर आता नाही, टूलरूमकडून गुरुवारपर्यंत हवा. कॉइल शिफ्ट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी लाईनला लागेल असं स्टोअरशी बोललो आहे.' आकडा, कारण, तुम्ही काय केलं, कोणाकडून काय कधीपर्यंत हवं. अर्धा मिनिट पुरतो. 'बघतो सर', 'करतो सर' हे शब्द तुमच्या तोंडून गेले पाहिजेत, कारण त्यांचा हिशोब दुसऱ्या दिवशी कोणालाच मांडता येत नाही. सगळ्यांसमोर ओरडण्याबद्दल मॅनेजरशी बोलायचं असेल तर असे दोन आठवडे आकडे देऊन झाल्यावर, केबिनमध्ये बोला: 'चूक असेल तर मला इथे सांगा सर, शॉपमध्ये माझं ऐकलं गेलं पाहिजे.'

जुन्या मित्रांचे टोमणे त्या मानाने हलके आहेत. एकत्र चहा प्यायला, एकाच बसने जायला काहीच हरकत नाही. संशय वाढतो तो ओव्हरटाइम आणि सुट्टीवरून. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे, म्हणजे तो कोणाला मिळाला हे प्रत्येकाच्या घरखर्चाशी जोडलेलं असतं. महिन्याचा तक्ता बोर्डावर लावा: नाव आणि आतापर्यंतचे तास. कौशल्य सारखं असेल तर पुढची पाळी ज्याचे तास कमी त्याची. सुट्टी आधी मागेल त्याला. कोणाच्या पगारवाढीबद्दल किंवा तक्रारीबद्दल मित्रांत एक शब्द नाही.

कडक व्हायची जागा मात्र एक आहे आणि तिथे पूर्ण कडक व्हा. पॉवर प्रेसवर बोटं जातात, हे चाकण-भोसरीच्या शॉपमध्ये काम केलेल्या कोणाला सांगायला नको. दोन्ही हातांनी एकदम दाबायच्या बटणांपैकी एकावर टेप लावून ते दाबून ठेवणं, लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बायपास करणं, अडकलेला पीस काढायला चालू प्रेसमध्ये हात घालणं. मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) बराच वेळ फिरत राहतं, हे नव्या मुलांना माहीत नसतं. डायमध्ये हात घालायचा तर मोटर बंद, फ्लायव्हील थांबलेलं आणि सेफ्टी ब्लॉक (रॅम खाली येऊ न देणारा ठोकळा) लावलेला, तिन्ही हवं. यातलं काही मोडलेलं दिसलं की माणूस मित्र असो, काका असोत, डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असो, मशीन थांबवा. त्या माणसाला ओरडू नका. बाजूला घ्या, नोंद करा, आणि त्याने टेप का लावला तेही विचारा. बऱ्याचदा बटण खराब असतं किंवा तासाचं टार्गेट त्या बटणांनी गाठणं शक्यच नसतं, आणि ते दुरुस्त करणं तुमचं काम आहे. टार्गेटसाठी 'चालू दे' असा दबाव वरून आला तर तो लेखी मागा.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही, आणि तिचा दोष स्वतःवर घेऊ नका. १८ पैकी ११ माणसं बदलती असतील तर शिकवलेलं वाहून जाणारच. ते दाखवायला स्किल मॅट्रिक्स करा: उभी नावं, आडव्या मशीन आणि कामं, प्रत्येक चौकटीत १ ते ४. १ शिकतोय, २ देखरेखीखाली करतो, ३ एकटा करतो, ४ शिकवू शकतो. प्रत्येक मशीनखाली ३ आणि ४ वाले किती ते मोजा. दोनपेक्षा कमी असतील तिथे एक माणूस आजारी पडला की तुम्हीच उभे राहणार, हे ठरलेलंच आहे. त्या चौकटी लाल करा. दर महिन्याला किती शिकलेली माणसं गेली ती ओळ खाली लिहा. सहा आठवड्यांनी हा तक्ता, तासाच्या बोर्डांचे आकडे आणि तयार झालेली कार्डं घेऊन मॅनेजर आणि एचआरसमोर बसा आणि एक ठोस मागणी करा: लाल चौकटीतल्या मशीनसाठी काँट्रॅक्टची किमान चार माणसं सहा महिने बदलायची नाहीत. मागणी मान्य झाली नाही, सुट्टीचे फोन थांबले नाहीत आणि तुम्हाला मनापासून डायच आवडत असतील, तर तेव्हा टूलरूममध्ये किंवा डाय मेन्टेनन्समध्ये बदली मागा. सेटिंगची कार्डं लिहिलेला आणि डाय चेंजचा वेळ खाली आणलेला माणूस त्या विभागाला हवाच असतो.